काट्यावर ठरणारी शिक्षा : अंमली पदार्थांच्या खटल्यांविषयी वाचकांचे प्रश्न

अंमली पदार्थांच्या विक्रीबद्दल न्यायालये शिक्षा कशी ठरवतात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत आणि चालू खटल्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. उत्तरे सर्वसाधारण माहितीची आहेत; आपल्या प्रकरणाची कागदपत्रे पाहिलेल्या वकिलाच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : साठ ग्रॅम ‘एमडी’ बाळगणाऱ्याला दहा वर्षे आणि अठरा किलो गांजा नेणाऱ्याला चार वर्षे, अशा बातम्या वाचल्या की सामान्य माणूस गोंधळतो. दोघांनीही माल विकण्यासाठीच आणलेला असतो. मग ही तफावत न्यायाधीशांच्या मर्जीवर असते का?
(निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : आपल्या उदाहरणातील दहा वर्षांचा आकडा न्यायाधीशांनी निवडलेला नाही, त्यापेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. चार वर्षांचा आकडा मात्र त्यांनी निवडलेला आहे. या दोन वाक्यांतला फरक ध्यानात आला, की एनडीपीएस कायद्यातील शिक्षांचे बरेचसे कोडे उलगडते.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हे या कायद्याचे पूर्ण नाव. तो लागू झाला तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना सरसकट किमान दहा वर्षे सश्रम कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड होता. गांजा आणि स्वतःच्या सेवनापुरता अत्यल्प साठा असे मोजकेच अपवाद होते. परिणाम असा झाला, की कोपऱ्यावर पुड्या विकणारा आणि ट्रक भरून माल आणणारा असे दोघेही एकाच मापाने मोजले जाऊ लागले. २००१ च्या दुरुस्तीने हे बदलले आणि शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली. त्यासाठी केंद्र सरकारने १९ ऑक्टोबर २००१ रोजी एक अधिसूचना काढून प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे लिहिले : एक अल्प मात्रेचा, दुसरा व्यापारी मात्रेचा.

हेरॉइनसाठी हे आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम आहेत, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो, गांजासाठी १ किलो आणि २० किलो. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन या यादीत उशिरा, २०१५ मध्ये आले. त्याचे आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. पकडलेला माल पहिल्या आकड्याच्या खाली असेल तर एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; २०१४ पूर्वी ही मर्यादा सहा महिन्यांची होती. दोन आकड्यांच्या मधल्या मात्रेसाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड, पण किमान काहीच नाही. दुसरा आकडा ओलांडला की किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. कारणे नोंदवून न्यायालय त्याहून अधिक दंडही करू शकते.

त्यामुळे साठ ग्रॅम मेफेड्रोन व्यापारी मात्रेत बसते आणि अठरा किलो गांजा मधल्या मात्रेत. पोत्यांकडे बघून गुन्हा मोठा की लहान हे ठरवण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. मधल्या पट्ट्यात न्यायाधीशांपुढे एका दिवसापासून दहा वर्षांपर्यंतचे मैदान मोकळे असते आणि त्यात कसे चालावे हे सांगणारी कोणतीही अधिकृत मार्गदर्शिका आपल्याकडे नाही. आरोपीचे वय, पूर्वीचे गुन्हे, माल मर्यादेच्या कोणत्या टोकाला आहे, खटला चालू असताना किती काळ कोठडीत गेला, यांचा विचार प्रत्येक न्यायाधीश आपापल्या परीने करतो. तफावतीची तक्रार करायचीच असेल तर ती या मधल्या पट्ट्याबद्दल करावी. तेथे ती रास्त आहे.

एक बारकावा सांगतो, कारण अनेक खटल्यांचा निकाल त्यावर फिरतो. व्यापारी मात्रा म्हणजे अधिसूचनेतील आकड्यापेक्षा ‘अधिक’ मात्रा. बरोबर २० किलो गांजा असेल तर तो मधल्या पट्ट्यातच राहतो. म्हणून पंचनाम्यात ‘गोणीसह वजन २० किलो ३०० ग्रॅम’ असे लिहिले असेल आणि रिकाम्या गोणीचे वजन कोठेच नोंदवलेले नसेल, तर बचाव पक्षाचा वकील सर्वप्रथम त्याच ओळीवर बोट ठेवतो. दहा वर्षांची किमान शिक्षा लागते की नाही, हे अशा वेळी एका रिकाम्या गोणीवर अवलंबून असते.

प्रश्न : ब्राउन शुगरच्या पुडीत शुद्ध हेरॉइनचा अंश फार थोडा असतो, बाकी सगळी भेसळ. शिक्षा ठरवताना शुद्ध अंश धरतात की पुडीचे पूर्ण वजन?
(औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आज पूर्ण वजन धरतात. मधली काही वर्षे मात्र शुद्ध अंश धरला जात असे, आणि त्या वळणाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

२००८ मध्ये ई. मायकेल राज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर चार किलोहून थोडे अधिक हेरॉइन जप्त झाल्याचे प्रकरण होते. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार त्यात शुद्ध हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुमारे साठ ग्रॅम भरत होते. न्यायालयाने शुद्ध अंशच मोजायचा असे ठरवल्यामुळे प्रकरण व्यापारी मात्रेतून मधल्या पट्ट्यात आले आणि दहा वर्षांची शिक्षा सहा वर्षांवर आली. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर २००९ रोजी, केंद्र सरकारने मूळ अधिसूचनेला टीप जोडली : मात्रा म्हणजे संपूर्ण मिश्रणाचे वजन, केवळ शुद्ध अंशाचे नव्हे. या टीपेलाही आव्हान दिले गेले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हिरा सिंग प्रकरणात २००८ चा निकाल चुकीचा ठरवला आणि भेसळीसह वजन धरण्याची पद्धत कायम केली. आजच्या नियमाने २००८ चे तेच हेरॉइन व्यापारी मात्रेच्या सोळापट भरेल.

न्यायालयाचे कारण समजण्यासारखे आहे. रस्त्यावर शुद्ध माल कोणी विकत नाही. व्यसनाधीन माणसाच्या शरीरात जाते ते मिश्रणच, आणि भेसळीमुळे त्याची हानी कमी होत नाही, उलट अनेकदा वाढते. मोठ्या विक्रेत्याच्या बाबतीत हा युक्तिवाद मला पटतो. परंतु साखळीच्या तळाशी त्याचा परिणाम विचित्र होतो. चार ग्रॅम जवळजवळ शुद्ध हेरॉइन बाळगणारा अल्प मात्रेत बसतो आणि त्याला जास्तीत जास्त एक वर्ष होऊ शकते. पाच टक्के शुद्धतेच्या सहा ग्रॅम पुड्या विकणाऱ्याकडे प्रत्यक्षात ०.३ ग्रॅम हेरॉइन असते. तरीही तो मधल्या पट्ट्यात जातो आणि त्याच्यासाठी कमाल शिक्षा दहा वर्षे होते. आपल्या विषयातील कोणालाही हे हिशेब खटकतील.

एलएसडीच्या बाबतीत तर हा प्रश्न कागदापर्यंत पोहोचला. एलएसडीची व्यापारी मात्रा अवघी ०.१ ग्रॅम आहे आणि ते शोषकागदाच्या चिमुकल्या चौकोनांवर थेंब सोडून विकले जाते. कागदाचे वजन धरले तर थोडेसेच चौकोन व्यापारी मात्रा ओलांडतात. न धरले तर शेकडो लागतील. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कागद हा त्या पदार्थाचाच भाग मानावा, कारण तो कागदासकट सेवन केला जातो, अशी भूमिका घेतली.

गांजाचे उलटे आहे. कायद्याने गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे किंवा फळधारणा झालेले शेंडे अशी केली आहे आणि शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे पाने, देठ, बिया असे सगळे एकत्र काट्यावर चढवले गेले असेल तर नेमका गांजा किती, हा प्रश्न उभा राहतो, आणि या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने जामीनही दिले आहेत. तुरीच्या किंवा उसाच्या आड गांजाची झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याने मात्र यावर विसंबू नये. लागवडीसाठी कलम २० मध्ये स्वतंत्र तरतूद आहे, तिला वजनाच्या पायऱ्याच नाहीत आणि कमाल शिक्षा दहा वर्षे आहे.

वजनाइतकाच महत्त्वाचा असतो नमुना. या संदर्भात गोव्यातील एक जुने प्रकरण वकील मंडळी अजूनही सांगतात. एका परदेशी पर्यटकाकडे चरसचे दोन तुकडे सापडले, एक सुमारे सात ग्रॅमचा, दुसरा सुमारे पाच ग्रॅमचा. तपासणीसाठी पाठवला गेला त्यांतला एकच, धाकटा. त्या काळी चरसची अल्प मात्रा ५ ग्रॅम होती आणि खालच्या न्यायालयाने दोन्ही तुकडे मिळून दहा वर्षांची शिक्षा दिली होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जो तुकडा प्रयोगशाळेत गेलाच नाही तो चरस होता हे सिद्ध झालेले नाही. उरलेला तुकडा पाच ग्रॅमहून कमी वजनाचा होता. दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली. आता नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावे लागतात आणि त्याबाबत २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत : गांजा, चरस, अफू यांचे प्रत्येकी २४ ग्रॅमचे आणि इतर पदार्थांचे ५ ग्रॅमचे नमुने, तेही दोन प्रतींत. तरीही अनेक पाकिटांतील माल एका परातीत ओतून एकच नमुना काढल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे येतच असतात.

प्रश्न : महाविद्यालयाच्या फाटकाजवळ विद्यार्थ्यांना माल विकणाऱ्याला जास्त शिक्षा होते का? आणि पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्याचे काय?
(प्राचार्य, पुणे)

उत्तर : होऊ शकते. २००१ मध्ये कायद्यात घातलेले कलम ३२ ब किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना विचारात घ्यायच्या बाबी सांगते. शस्त्राचा किंवा हिंसेचा वापर, सार्वजनिक पदाचा गैरफायदा, अल्पवयीनांना वापरून घेणे किंवा त्यांना झळ पोहोचणे, शैक्षणिक संस्थेत किंवा तिच्या लगतच्या परिसरात गुन्हा करणे आणि संघटित टोळीशी संबंध या त्यांतल्या प्रमुख. मात्र हे कलम किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरतेच आहे. फाटकाजवळ आठ ग्रॅम मेफेड्रोन विकणारा मधल्या पट्ट्यात येतो. त्याच्या बाबतीत न्यायाधीशाला ठिकाणाचा विचार करता येतो, पण तो कलम ३२ ब मुळे नव्हे, तर आपल्या सर्वसाधारण विवेकाधिकारात. विक्रेत्याने एखाद्या मुलाच्या हातून माल पोहोचवला असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा आहे. आपल्या तक्रारीत मुलांच्या वापराचा उल्लेख असेल तर पोलिसांना हे कलम लावण्याची आठवण जरूर करून द्यावी. ते विसरले जाते.

मालाचे वजन हेच जादा शिक्षेचे कारण होऊ शकते का, यावर बराच काळ वाद होता, कारण कलम ३२ ब मध्ये वजनाचा उल्लेख नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की यादी संपूर्ण नाही आणि वजन विचारात घेता येते. मात्र त्याच प्रकरणात, आठ किलोहून अधिक हेरॉइन असूनही, शिक्षा कमी करून बारा वर्षांवर आणली. २०२१ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात एक किलो हेरॉइनसाठी दिलेली पंधरा वर्षांची शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली. आठ किलोला बारा आणि एक किलोला पंधरा, हे दोन निकाल शेजारी ठेवले की कुणीही चक्रावेल. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते हे खरेच. पण दहा आणि वीस यांच्यामधली वर्षे कशी मोजायची याचे ठोस सूत्र अद्याप तयार झालेले नाही, हेही तितकेच खरे.

पूर्वी याच कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस तशाच शिक्षेच्या गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर कलम ३१ प्रमाणे किमान आणि कमाल दोन्ही मर्यादा दीडपट होतात; व्यापारी मात्रेसाठी पंधरा ते तीस वर्षे. येथे ‘दोषी ठरलेला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कितीदा पकडला गेला हे मोजत नाहीत. काही विशिष्ट, फार मोठ्या मात्रांसाठी कलम ३१ अ मध्ये दुसऱ्या वेळी मृत्युदंडाचीही तरतूद आहे. ती १९८९ मध्ये आली तेव्हा मृत्युदंड बंधनकारक होता, न्यायाधीशाला पर्यायच नव्हता. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो ऐच्छिक असल्याप्रमाणे कलम वाचावे असा निकाल दिला आणि २०१४ च्या दुरुस्तीत संसदेने तसा बदल केला.

प्रश्न : माझा भाऊ टेम्पो चालवत असे. त्याच्या टेम्पोत गांजा सापडला, व्यापारी मात्रा. माल दुसऱ्याचा होता, तो आजवर पकडला गेलेला नाही. भावाला दहा वर्षे आणि एक लाख दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष अशी शिक्षा झाली. पहिलाच गुन्हा, घरची गरिबी, दोन लहान मुले, हे सगळे वकिलांनी सांगूनही न्यायाधीशांनी काहीच कमी केले नाही. तो पाच वर्षे तुरुंगात आहे. कधी सुटेल?
(एक बहीण, धुळे)

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि पहिला आपण विचारलेला नाही, पण तो पत्रभर आहे : न्यायाधीशांनी ऐकले का नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक असते आणि ते ऐकले गेलेले दिसते. परंतु दहा वर्षे ही किमान मर्यादा आहे. गरिबी, मुले, पहिला गुन्हा यांचा उपयोग दहाची बारा होऊ नयेत यासाठी होतो. दहाची आठ होण्यासाठी नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची परिवीक्षेची सवलतही कलम ३३ ने अठरा वर्षांवरील व्यक्तींना अशा गुन्ह्यात नाकारली आहे.

माल कोणाचा होता याने शिक्षेत फरक पडत नाही, ही या कायद्यातील मला सर्वांत कठोर वाटणारी गोष्ट आहे. माल बाळगणारा, वाहून नेणारा, विकणारा, विकत घेणारा यांना एकाच कलमात एकच शिक्षा आहे. कटात सामील झालेल्याला कलम २९ प्रमाणे तीच, आणि जाणूनबुजून आपले वाहन वापरू देणाऱ्याला कलम २५ प्रमाणेही तीच. ‘टेम्पोत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते’ हा मुद्दा फार मोलाचा असतो, पण त्याची जागा शिक्षेच्या सुनावणीत नसून खटल्यात असते. तेथेही कायदा आरोपीला माहिती होती असे गृहीत धरून चालतो आणि ती नव्हती हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच टाकतो. भाडेपावती, माल भरून देणाऱ्याचा फोन क्रमांक, गोण्या शिवलेल्या होत्या की उघड्या, चालकाला नेहमीचेच भाडे ठरले होते की भरमसाट, अशा साध्या गोष्टी तेथे कामास येतात. बहुतेक कुटुंबे हे सगळे दोषी ठरल्यानंतर सांगू लागतात.

आता हिशेब. अटक झाल्यापासून निकालापर्यंत भावाने कोठडीत काढलेला काळ दहा वर्षांतून वजा होतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. निकालपत्राच्या शेवटी या वजावटीचा स्पष्ट आदेश आहे ना, हे पाहून घ्या. म्हणजे पाच वर्षे उरतात. परंतु चांगल्या वागणुकीबद्दल इतर कैद्यांना मिळणारी शिक्षेतील सूट कलम ३२ अ मुळे त्याला धरता येणार नाही. एक लाख भरले नाहीत तर आणखी एक वर्ष पुढे जोडले जाईल आणि त्या वर्षातून कोठडीचा काळ वजा होत नाही. २००७ मध्ये मध्य प्रदेशातील अफूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली होती, कारण ती मूळ शिक्षा नसून दंड न भरल्याचा परिणाम आहे आणि गरीब माणसावर तिचा भार अवाजवी पडता कामा नये. अपील करताना आपल्या वकिलांनी या निकालाचा आधार जरूर घ्यावा. दहा वर्षे आणि एक लाख यांना हात लावता येत नाही. या एका वर्षाला लावता येतो.

विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील उच्च न्यायालयात साठ दिवसांत करायचे असते. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, आणि वकील परवडत नसेल तर तुरुंगातूनच अर्ज करून उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. कलम ३२ अ ने ही वाट बंद केली होती, पण २००० साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. त्याच निकालात पॅरोल म्हणजे शिक्षेची स्थगिती नव्हे, त्यामुळे हे कलम पॅरोलच्या आड येत नाही, असेही स्पष्ट केले आहे. जामिनासाठी कलम ३७ च्या कडक अटी लागू राहतात. तरीही अर्धी शिक्षा भोगून झाली आहे आणि अपिलाची सुनावणी लांबणार आहे, हे न्यायालयापुढे ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : मुलगा व्यसनात अडकला आहे. स्वतःचा खर्च भागवण्यासाठी मित्रांना एखाददुसरी पुडी देतो, असे कळले. पकडला गेला तर विक्रेता ठरेल का?
(एक आई, नाशिक)

उत्तर : पैसे घेऊन किंवा न घेता दुसऱ्याला देणे हे कायद्याच्या दृष्टीने सेवन नव्हे. मात्र माल अल्प मात्रेत असेल तर शिक्षेची मर्यादा एक वर्षाची आहे आणि उपचाराचे दोन मार्ग उघडे आहेत. कलम ३९ प्रमाणे, दोषी ठरलेला माणूस व्यसनाधीन असेल तर न्यायालय लगेच शिक्षा न देता त्याच्या संमतीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी पाठवू शकते. कलम ६४ अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने अशा केंद्रात उपचार घेतले तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. केंद्राची नोंदणी, दाखल झाल्याची तारीख आणि उपचारांचे कागद जपून ठेवा. खासगी, मान्यता नसलेल्या केंद्राचा दाखला येथे चालत नाही. शक्य असल्यास काही घडण्याची वाट न पाहता आजच त्याला घेऊन जा.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे लेस्टरमध्ये राहतो. येथील न्यायाधीश शिक्षा सुनावताना आरोपीची ‘भूमिका’ काय होती यावर बराच वेळ बोलतात. भारतात तसे का होत नाही?
(एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : कारण तेथील न्यायाधीशांपुढे एक तक्ता असतो आणि त्याच्या एका बाजूला वजन, तर दुसऱ्या बाजूला भूमिका लिहिलेली असते. १९७१ च्या कायद्याने अंमली पदार्थांचे अ, ब, क असे वर्ग केले आहेत आणि हेरॉइन व कोकेन ‘अ’ वर्गात आहेत. त्यांच्या पुरवठ्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. परंतु प्रत्यक्ष शिक्षा ठरते ती सेन्टेन्सिंग कौन्सिलच्या मार्गदर्शिकेने. ती २०१२ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. आरोपी सूत्रधार होता, महत्त्वाचा दुवा होता की दुय्यम, हे आधी ठरवायचे. मग मात्रेची श्रेणी पाहायची. त्या दोन्हींच्या छेदावर शिक्षेचा आरंभबिंदू आणि वर-खाली सरकण्याची हद्द मिळते. दबावाखाली, भोळेपणाने, मोबदल्याविना किंवा धंद्याची व्याप्ती न कळता सामील झालेला माणूस दुय्यम भूमिकेत धरला जातो.

एक किलो हेरॉइनचे उदाहरण घेऊ. त्या श्रेणीत सूत्रधारासाठी आरंभबिंदू अकरा वर्षांचा, महत्त्वाच्या भूमिकेसाठी आठ वर्षांचा आणि दुय्यम भूमिकेसाठी पाच वर्षांचा आहे. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट मिळते, आणि शिक्षेचा उरलेला भाग काही काळानंतर अटींवर तुरुंगाबाहेर काढता येतो. तेच एक किलो हेरॉइन आपल्याकडे व्यापारी मात्रेच्या चौपट आहे. ते वाहून नेणारा हमाल असो की मालक, दहा वर्षांच्या खाली जाता येत नाही. गुन्हा कबूल केल्यानेही किमान शिक्षा हलत नाही, आणि तडजोडीने शिक्षा ठरवण्याची आपल्याकडील तरतूद सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना लागूच नाही. साहजिकच आरोपीला कबुलीचा काहीही फायदा नसतो, प्रत्येक खटला शेवटपर्यंत लढवला जातो आणि लढाई वजन, मोहोर आणि पंचनाम्याच्या तारखांवर होते.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. भूमिका ठरवायची तर तपास साखळीच्या वरच्या कड्यांपर्यंत जावा लागतो, फोनचे आणि पैशांचे व्यवहार उलगडावे लागतात. आपल्याकडील अनेक खटल्यांत माल जप्त झाला की तपास तेथेच थांबतो आणि ‘फरार’ हा शेरा वर्षानुवर्षे तसाच राहतो. अशा तपासावर भूमिकेचा तक्ता उभा राहणार नाही. पण किमान शिक्षा ठेवूनही थोडी जागा सोडता येते, आणि त्याचे उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. ‘अ’ वर्गातील पदार्थांच्या व्यापारात तिसऱ्यांदा दोषी ठरलेल्या प्रौढाला तेथे किमान सात वर्षे द्यावी लागतात. मात्र अपवादात्मक परिस्थिती असेल तर न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊ शकतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम २०, २१ किंवा २२ मध्ये व्यापारी मात्रेसाठी असे एकही वाक्य नाही, आणि ते घालायचे असेल तर ते संसदेलाच घालावे लागेल.